पहिलं ड्रम किट घेताना: नागपूरकरांसाठी पायरीपायरीने

ड्रम शिकायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो, "केवढ्याला पडेल?" माझ्या मते या प्रश्नाचा नंबर चौथा. किट कुठे ठेवणार, त्यावर काय वाजवणार आणि वाजवणाऱ्याचा हात कुठवर आलाय, एवढं आधी ठरलं की किंमत आपसूक आवाक्यात येते. आधी पैसे आणि मग बाकीचं, अशा क्रमाने घेतलेली किट माझ्या ओळखीच्या दोन-तीन घरांत चादरीखाली पडून आहेत.

मी हौशी ड्रमर आहे. फ्लॅट स्कीममध्ये राहतो, घरी इलेक्ट्रॉनिक किटवर रियाज करतो आणि कार्यक्रम असला की अकूस्टिकवर, म्हणजे विजेशिवाय वाजणाऱ्या नेहमीच्या ड्रमवर, बसतो. ओळखीपाळखीतल्या अनेकांसोबत किट बघायला गेलो आहे. तिथे जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं ते सगळं इथे क्रमाने देतो.

## १. "फाइव्ह पीस"मध्ये काय येतं ते समजून घ्या

पाच पीस म्हणजे पाच ड्रम: पायाने वाजतो तो बेस ड्रम, मांडीजवळचा स्नेअर, वर लावलेले दोन टॉम आणि जमिनीवर उभा असतो तो फ्लोअर टॉम. सिंबल, म्हणजे धातूच्या थाळ्या, यात मोजत नाहीत. हायहॅट (पायाने उघडझाप होणारी जोडी), क्रॅश (जोरात मारायचा) आणि राइड (ठेका धरायचा) वेगळे. स्टँड, पेडल आणि बसायचं स्टूल हेसुद्धा वेगळं असू शकतं.

पहिला सापळा इथेच आहे. जाहिरातीत "शेल पॅक" लिहिलं असेल तर मिळतात ते फक्त ड्रमचे पिंप. कधी कधी त्यात स्नेअरही नसतो. किंमत बघून स्वस्त वाटतं आणि मग स्टँड, पेडल, सिंबल घेता घेता बिल दुप्पट होतं. दुकानदाराला थेट विचारा: "भाऊ, हे घरी नेऊन आज संध्याकाळी वाजवता येईल का, की आणखी काही घ्यावं लागेल?" आणि काय काय मिळणार ते कागदावर लिहून घ्या.

## २. जागा ठरवा

नागपुरात घरं दोन तऱ्हांची. एक लेआउटमधलं स्वतंत्र घर, दुसरी फ्लॅट स्कीम. किटचा निम्मा निर्णय इथेच होतो.

अकूस्टिक ड्रम जोरात वाजवला की वाजवणाऱ्याच्या कानाशी आवाज सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवून हा फरक भरून निघत नाही. ट्रेमुळे खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, आवाज बाहेर जायचा थांबत नाही.

स्वतंत्र घर असेल, चारही बाजूंना थोडी मोकळी जागा असेल तर अकूस्टिकचा विचार करा. पण आधी शेजारी जाऊन बोला. "काका, मुलगा ड्रम शिकतोय. रोज पाच ते सहा वाजवलं तर तुम्हाला त्रास होईल का?" असं किट यायच्या आधी विचारलं तर बहुतेक जण सांभाळून घेतात. किट आल्यानंतर विचारलं तर तेच काका आधीच वैतागलेले असतात. बाळ, आजारी माणूस किंवा दहावी-बारावीचं पोर शेजारी असेल तर त्यांची वेळ पाळा.

फ्लॅट स्कीममध्ये राहत असाल तर इलेक्ट्रॉनिक किट घ्या, असं मी स्पष्टच सांगतो. तेही पूर्ण मुकं नसतं. हेडफोन लावले तरी पॅडवरचा टकटक आवाज खोलीत येतो आणि किक पेडलचा, म्हणजे बेस ड्रमच्या पेडलचा, धक्का स्लॅबमधून थेट खालच्या घरात उतरतो. खालच्यांना गाणं ऐकू येत नाही, फक्त धप्प-धप्प ऐकू येतं, आणि त्याचाच त्रास जास्त.

त्यावर सुताराकडून करून घेता येईल असा उपाय आहे. १८ मिमीच्या प्लायचे, किट मावेल एवढे दोन तुकडे घ्या, साधारण ५ बाय ४ फुटांचे. खालच्या तुकड्यात दर फूटभर अंतरावर टेनिस बॉल बसेल एवढी गोल भोकं पाडायची, त्यात बॉल ठेवायचे, वर दुसरा तुकडा ठेवायचा. दोन प्लाय एकमेकांना आणि भिंतीला कुठेही टेकता कामा नयेत. टेकले की धक्का पुन्हा खाली जातो. वर जाड सतरंजी अंथरा म्हणजे पेडल सरकत नाही. जुने बॉल क्रिकेट खेळणाऱ्या पोरांकडे मिळतात, पण बसलेले बॉल घेऊ नका, दाबून बघून घ्या.

गच्चीवर टिनाची खोली आहे म्हणून तिथे किट ठेवायचा बेत असेल तर आठवी पायरी आधी वाचा.

## ३. तुम्हाला कोणती गाणी वाजवायची आहेत?

किटचे आकार गाण्यांप्रमाणे बदलतात. मापं इंचांत असतात आणि मोजतात तो ड्रमचा व्यास.

रॉक वाजवणारे साधारण २२ चा बेस, १२ आणि १३ चे टॉम, १६ चा फ्लोअर टॉम वापरतात. आवाज भारी, खोल. मेटलकडे ओढ असेल तर पुढे डबल पेडल (एकाच बेसवर दोन्ही पायांनी वाजवायचं) लागेल, त्यामुळे बेस ड्रम हलका, सरकणारा नको.

पॉप, फंक आणि हिंदी-मराठी चित्रपटगीतांसाठी २० किंवा २२ चा बेस, १० आणि १२ चे टॉम, १४ चा फ्लोअर टॉम उत्तम. याला फ्यूजन साइज म्हणतात. टॉम लहान असल्यामुळे जवळ लावता येतात, आवाज चटकन उठतो आणि चटकन थांबतो. पहिल्या किटसाठी मी बहुतेकांना हेच माप सांगतो. जॅझसाठी १८ चा बेस, १२ चा टॉम आणि १४ चा फ्लोअर टॉम. चर्चमध्ये वाजवणार असाल तर सभागृहात आवाज आधीच घुमतो, म्हणून २० चा बेस आणि पातळ क्रॅश पुरे.

ऑर्केस्ट्रा, भीमगीतांचे कार्यक्रम, जागरण यांत उतरायचं असेल तर प्रकरण वेगळं. तिथे एकाच माणसाकडून ढोलकी, तबला, डफ, टाळी आणि ड्रम असे सगळे आवाज हवे असतात. त्यासाठी ऑक्टापॅड लागतो. आठ पॅड, त्यात साठवलेले आवाज, दुचाकीवर मागे बसून मांडीवर नेता येईल एवढा आटोपशीर. अशा वेळी मोठं किट घेण्यापेक्षा चांगला ऑक्टापॅड, एक हायहॅट आणि एक किक ट्रिगर (पायाने बेसचा आवाज काढायचं इलेक्ट्रॉनिक साधन) घेतलेलं बरं. धुमालमध्ये (मिरवणुकीतल्या वाद्यपथकात) वाजवणाऱ्या मंडळींनाही हीच दिशा सोयीची.

ढोल-ताशा पथकातून ड्रमकडे येणारी मुलं-मुली नागपुरात बरीच आहेत. त्यांच्या हाताला ताकद आणि लय आधीच असते, कस लागतो तो पायांचा. त्यांनी टॉम किती आहेत ते बघत बसू नये, पेडल आणि हायहॅटचा स्टँड चांगला घ्यावा.

आणि टॉम जास्त म्हणजे किट भारी, हा समज सोडा. रिंगो स्टारने बीटल्सची गाजलेली वर्षं बेस, स्नेअर, एक टॉम आणि एक फ्लोअर टॉम, एवढ्या चार ड्रमवर काढली. नवशिक्याचे पहिल्या वर्षातले बहुतेक ठेके बेस, स्नेअर आणि हायहॅट या तिघांवरच चालतात.

## ४. हात कुठवर आलाय?

एकदाही काठी धरली नसेल तर आज किट घेऊच नका. रबरी प्रॅक्टिस पॅड, ५ए मापाच्या (मध्यम जाडीच्या) काठ्या आणि फोनवर मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं अ‍ॅप), एवढ्यावर दोन-तीन महिने शिक्षकांकडे जा. शिकवणीला किट असतंच. या काळात रोज पंधरा-वीस मिनिटं पॅडवर बसणं जमलं तर किटचे पैसे वाया जाणार नाहीत, हे घरच्यांनाही दिसतं. पॅड नंतरही लागतोच, तो खर्च फुकट जात नाही.

लहान मुलांसाठी १६ च्या बेसचं ज्युनियर किट मिळतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला ते ठीक, पण दहाच्या पुढचं मूल असेल तर मोठंच किट घ्या आणि स्टूल खाली करा. मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहिली पाहिजे. पाय लोंबकळत असतील तर पेडलवर जोर येत नाही आणि पाठ दुखते. डावखुऱ्यांसाठी वेगळं किट नसतं. तेच किट आरशात दिसेल तसं उलट मांडायचं.

ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल या संगीत परीक्षा मंडळांच्या ग्रेड परीक्षा द्यायच्या असतील तर त्या ग्रेडला किटमध्ये काय काय लागतं ते शिक्षकांकडून आधी समजून घ्या आणि मगच निवडा.

## ५. आता पैसे

पाच हजारांच्या आत: पॅड, काठ्या, मेट्रोनोम. यात "किट" म्हणून जे मिळतं ते खेळणं असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका.

तीस ते पन्नास हजार: फ्लॅटमध्ये असाल तर सुरुवातीचं इलेक्ट्रॉनिक किट, स्वतंत्र घर असेल तर चांगलं जुनं अकूस्टिक.

पन्नास हजार ते एक लाख: नावाजलेल्या कंपनीचं नवं सुरुवातीचं अकूस्टिक, वेगळे सिंबल घेऊन, किंवा सगळीकडे जाळीचे पॅड (रबराऐवजी वर जाळी ताणलेले) असलेलं इलेक्ट्रॉनिक.

त्याच्या पुढे जायची घाई पहिल्या किटला करू नका.

अकूस्टिकसाठी ६० हजार हाताशी असतील तर मी अशी वाटणी करेन: ड्रम आणि स्टँड ३० हजार (जुने), सिंबल १८ हजार, स्टूल ५ हजार, पेडल ४ हजार, उरलेल्या ३ हजारांत नव्या स्किन (ड्रमवर ताणलेले पडदे), सतरंजी आणि कानातले बोळे. ड्रमचे पिंप साधे असले तरी नवी स्किन लावून आणि नीट सुरात आणून चांगले वाजवता येतात. स्वस्त सिंबल मात्र कशानेही सुधारत नाही. स्टूल तर कुणी मोजतच नाही. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वाजवलं की पंधरा दिवसांत कंबर बोलायला लागते.

सिंबलचा धातू ओळखायला शिका. पितळी सिंबल सगळ्यात स्वस्त, आवाज पातेल्यासारखा. किटसोबत फुकट मिळतात ते बहुधा हेच. मायनलचे एचसीएस आणि सेबियनचे एसबीआर या प्रकारातले. त्याच्या वर बी८, म्हणजे ९२ टक्के तांबं आणि ८ टक्के कथील: सेबियन बी८एक्स, पायस्टी पीएसटी ५, झिल्जियनची आय मालिका. पहिल्या किटला हे उत्तम. त्याच्या वर बी२०, २० टक्के कथलाचे, झिल्जियनच्या ए मालिकेसारखे. ते महाग असतात, पण नीट वापरले तर वर्षानुवर्षं टिकतात. पैसे कमी असतील तर चार पितळी घेण्यापेक्षा १४ चे बरे हायहॅट आणि २० चा एक राइड घ्या, क्रॅश नंतर येऊ द्या.

लाकडाबद्दल थोडक्यात. सुरुवातीची बहुतेक किट पॉपलरची असतात. पर्ल रोडशो, टामा इम्पीरियलस्टार, यामाहा रायडीन ही त्यातली. बर्च ठसठशीत आणि धारदार वाजतं, यामाहाचं स्टेज कस्टम बर्चचं आहे. मेपल ऊबदार आणि समतोल, आणि महाग. पहिल्या किटला पॉपलर पुरेसं आहे. स्टँडचे पाय मात्र दुहेरी पट्टीचे आहेत ना, ते बघा. एकेरी पट्टीचा स्टँड जोरात क्रॅश मारला की डोलतो.

## ६. इलेक्ट्रॉनिक घेत असाल तर

रबरी पॅड टणक असतात, मनगटाला लागतात आणि आवाजही जास्त करतात. जाळीचे पॅड घ्या. टॉमला रबर चालेल, पण स्नेअर जाळीचाच हवा. किकसाठी खरं पेडल आणि त्याचा हातोडा आपटायला उभं पॅड असेल तर पाय अकूस्टिकवरही चालतो. नुसतं पायाखाली दाबायचं बटण असेल तर पुढे अकूस्टिकवर बसताना पाय पुन्हा शिकवावा लागतो.

हायहॅट अर्धा उघडा ठेवून वाजवून बघा. स्वस्त मॉड्यूलना (आवाज तयार करणाऱ्या डब्याला) उघडा आणि बंद एवढंच कळतं, अधलं काही कळत नाही. स्नेअरवर आधी अगदी हळू आणि मग जोरात मारा. दोन्हीत फक्त आवाज कमी-जास्त होतो की नादही बदलतो, ते ऐका. मॉड्यूलमध्ये चारशे आवाज आहेत की सातशे, याने काही बिघडत नाही, वापरात येतात पाच-सहा. यूएसबी असावं, म्हणजे लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करता येतं. हेडफोन कान पूर्ण झाकणारे आणि वायरचे घ्या. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा येतो आणि ताल हातातून निसटतो.

## ७. जुनं किट तपासणं

जुनं किट हा माझ्या मते पहिल्या अकूस्टिकसाठी सगळ्यात शहाणा मार्ग आहे. कॉलेजचं शेवटचं वर्ष संपवून गाव सोडणारे विद्यार्थी मे-जूनमध्ये किट विकायला काढतात, तेव्हा लक्ष ठेवा. पण नीट तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

सोबत न्यायचं: ड्रमची चावी, स्वतःच्या काठ्या, टॉर्च, मापाची पट्टी, इलेक्ट्रॉनिक असेल तर स्वतःचे हेडफोन. आणि जमलं तर वाजवणारा एक मित्र.

विकणाऱ्याला विचारून एका टॉमची स्किन काढा. नाही म्हणाला तर तिथेच थांबा. स्किन निघाली की पिंपाच्या कडेवरून सगळीकडे बोट फिरवा. खाच, टवका किंवा उठलेला पापुद्रा लागला तर तो ड्रम नीट सुरात लागणार नाही. मग पिंप स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर, रिंग काढून, कडेवर उभं ठेवा, खोलीतला दिवा घालवा आणि आतून टॉर्च लावा. कडेखालून उजेडाची रेघ दिसली तर कड सपाट राहिलेली नाही. पट्टीने व्यास एकदा आडवा आणि एकदा उभा मोजा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पिंप वाकलंय आणि स्किन बसताना अडेल.

मग सगळे स्क्रू चावीने थोडे फिरवून बघा. एखादा नुसताच गरगर फिरत असेल तर आटे गेले. स्नेअरच्या बाजूचा खटका वर-खाली करा. खालची तारांची जाळी चढली की खर्र आवाज यायला हवा, उतरली की पूर्ण थांबायला हवा. बेस ड्रमचे दोन्ही पाय घट्ट बसतात का आणि पेडल हलवल्यावर ते डावी-उजवीकडे लडबडतं का, तेही बघा.

सिंबल हातात घेऊन उजेडात धरा. कडेवरून नख फिरवा. भेग डोळ्याला दिसायच्या आधी नखाला लागते. मधलं भोक गोल राहिलंय की एका बाजूला खोबणीसारखं वाढलंय ते बघा. तसं असेल तर तो सिंबल प्लास्टिकच्या नळीशिवाय थेट लोखंडावर घासला गेलाय. टिचकी मारल्यावर आवाजात बारीक झिणझिण आली तर कुठेतरी भेग आहेच. भेगाळलेल्या सिंबलचे पैसे शून्य धरा.

स्किन फाटकी, चमक गेलेली, वरचा रंग ओरखडलेला, यावर अडून बसू नका. त्यावर फक्त किंमत कमी करून घ्या.

इलेक्ट्रॉनिक जुनं असेल तर प्रत्येक पॅड मध्ये आणि कडेवर वेगळं वाजवा, वायर हलवत वाजवा, अडॅप्टर कंपनीचाच आहे का बघा. एकदा मारल्यावर दोनदा आवाज येत असेल तर आधी सेटिंगमध्ये सुधारून बघायला सांगा. सुधारलं नाही तर सोडा.

कागद एवढे घ्या: मूळ बिल असेल तर त्याची प्रत, सामानाची यादी आणि रक्कम लिहून दोघांच्या सह्या असलेली पावती, इलेक्ट्रॉनिकच्या मॉड्यूलचा सीरियल नंबर. पैसे यूपीआयने द्या, नोंद राहते. किट न बघता कुणी आगाऊ रक्कम मागत असेल तर देऊ नका. नवं घेत असाल तर जीएसटीचं पक्कं बिल, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, आणि बिघडल्यावर दुरुस्ती नागपुरातच होईल की मुंबई-पुण्याला पाठवावं लागेल याचं उत्तर घेऊनच निघा. ऑनलाइन मागवलं तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ एका दमात, न थांबवता काढा.

आणताना ऑटोत कोंबू नका, छोटा हत्ती सांगा. लहान टॉम मोठ्यात बसवायचा मोह होतो, पण मध्ये चादर घाला. सिंबल उभे न ठेवता आडवे, प्रत्येकामध्ये कापड घालून ठेवा.

## ८. नागपूरच्या हवेत किट सांभाळणं

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास जातो. टिनाच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून किती तरी जास्त. तेवढ्या उष्णतेत पिंपावरचं प्लास्टिकचं आवरण फुगतं, सांध्यांचा डिंक सैल होऊ शकतो, मॉड्यूलचीही खात्री राहत नाही. किट घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब ठेवा.

दुसरा धोका कुलरचा. खसाची ओली हवा थेट किटवर आली की पेडलच्या स्प्रिंगला, स्टँडच्या नळ्यांना आणि स्क्रूंना पावसाळ्यापूर्वीच गंज धरतो. कुलरची दिशा बदला, खिडकी उघडी ठेवा, वाजवून झालं की स्टँड कोरड्या फडक्याने पुसा आणि महिन्यातून एकदा स्क्रूच्या आट्यांना मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. पावसाळ्यात स्किनवर ओलं फडकं फिरवू नका, सुकंच बरं.

किट आल्यावर पहिलं काम सुराचं. सगळे स्क्रू बोटाने घट्ट करा, मग चावीने समोरासमोरचे स्क्रू एकेक करून पाव-पाव फेरा फिरवा, शेजारचे लागोपाठ नाही. प्रत्येक स्क्रूपासून इंचभर आत काठीने हलकेच टकटक करून सगळीकडे एकच स्वर येईपर्यंत हे चालू ठेवा. बेस ड्रममध्ये घरातली जुनी उशी ठेवली की घुमारा आटोक्यात येतो. ऋतू बदलला की ताण बदलतो, तेव्हा उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला सूर पुन्हा तपासा.

कानांत बोळे पहिल्या दिवसापासून घाला, मुलांच्या तर नक्की. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचेही चालतात.